खुंट्या कुठं ठोकायच्या?

आज दिवसभर शिरूर तालुक्यात बाजरीचा पीक कापणी प्रयोग, म्हणजे शेताच्या एका तुकड्यातलं पीक कापून वजनावरून उत्पन्न काढायचं. 10 बाय 5 मीटरचा प्लॉट, चार खुंट्या, सुतळी. बांधाच्या कोपऱ्यापासून किती पावलं आत जायचं, ते यादृच्छिक (रँडम) आकडे ठरवतात. आज आकडा पडला नेमका भरल्या कणसांत.

शेताचे मालक काका म्हणाले, "साहेब, खालच्या अंगाला ठोका की. पाणी साचून पार गेलंय तिथं."

त्यांचं तरी काय चुकलं? याच वजनांवर अख्ख्या महसूल मंडळाची पीक विम्याची भरपाई ठरते; वजन कमी, तर भरपाई जास्त.

"आकडा तिकडं पडला असता तर तिकडंच ठोकल्या असत्या, काका."

ते गप्प झाले. काकूंनी चहा मात्र दिलाच.

आधी रिकामा काटा दाखवला, मग वजन: 6 किलो 200 ग्रॅम. प्लॉट म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग, म्हणून 100 ग्रॅम चुकले की हेक्टरी 20 किलोचा फरक. ताडपत्रीवर सांडलेले दाणे शेवटी काकांनीच वेचून काट्यावर टाकले! सहीआधी सगळा कागद त्यांना वाचून दाखवला. दाणे वाळल्यावर पुन्हा वजन आहेच.

वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलोय. कॉलरमध्ये बाजरीची कुसळं टोचतायत.