डॉलीबाई, कबुतरं आणि साबणाची बादली

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, पिजन फोर्जच्या मुख्य रस्त्यावर आम्ही तासाभरात जेमतेम पाच मैल सरकलो. दोन्ही बाजूंना पॅनकेकची दुकानं, गो-कार्ट, उलटं बांधलेलं एक घर, आणि पुन्हा पॅनकेक. एवढे पॅनकेक खातं तरी कोण? भाचा अटलांटाहून गाडी हाणत आला होता. तो म्हणाला, "मावशी, तूच म्हणालीस डॉलीचं गाव बघायचंय." मी गप्प बसले.

खरं तर माझी आणि अमेरिकी गायिका डॉली पार्टनची ओळख चोरट्या वाटेने झाली. होस्टेलवर असताना व्हिटनी ह्यूस्टनचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' आम्ही घसा बसेपर्यंत ओरडायचो. ते मूळ डॉलीबाईंचं, हे कळायला मला पंधरा वर्षं लागली. पोर्टर वॅगनर या गायकाच्या टीव्ही कार्यक्रमात त्या सात वर्षं गायल्या. त्यातून बाहेर पडताना त्यांनी हे गाणं लिहिलं. १९७४ मध्ये ते कंट्रीच्या, म्हणजे तिकडच्या गावरान संगीताच्या, लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. एल्व्हिसलाही ते गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरने निम्मे हक्क मागितले. बाई रात्रभर रडल्या म्हणे, पण हक्क दिले नाहीत.

गाडी हलेना म्हणून भाच्याने १९७७ चं 'हिअर यू कम अगेन' लावलं. बाई कंट्रीतून पॉपमध्ये गेल्या त्या या गाण्यावरून. हे मात्र त्यांनी लिहिलेलं नाही, बॅरी मान आणि सिंथिया वाइल यांचं आहे. सुरुवातीलाच टुणटुणीत पियानो. आपली माणसं म्हणतील पोरगी शहराळली, ही धास्ती बाईंना होती, म्हणून त्यांनी हट्टाने त्यात कंट्रीची ओळख असलेली स्टील गिटार घालायला लावली. सिग्नल तीनदा हिरवा होऊन लाल झाला, तेवढ्यात मी कान लावून ती शोधली. आहे, पण मागे, सासरी गेलेल्या मुलीच्या बोलीत मधूनच माहेरचा हेल यावा तशी. गाणं पॉपच्या यादीत तिसऱ्या नंबरावर गेलं, आणि चारेक वर्षांत 'नाइन टू फाइव्ह' थेट पहिल्या.

आदला अख्खा दिवस डॉलीवूडमध्ये, म्हणजे बाईंच्या नावाच्या करमणूक बागेत, गेला. पाळण्यांत मी बसत नाही. दालचिनीचा पाव मात्र एकटीने संपवला. लक्षात राहिली ती दोन खोल्यांची झोपडी. त्यांच्या लहानपणीच्या घराची ही प्रतिकृती. भावाने बांधली, आतलं सामान आईने मांडलं. बारा भावंडं! आत डोकावताना मी नकळत अंथरुणं मोजायला लागले. डॉलीच्या जन्माच्या वेळी डॉक्टरला फी म्हणून मक्याच्या पिठाची गोणी दिली होती.

सेव्हिअरव्हिलला, म्हणजे डॉलीबाईंच्या गावाला, पोचलो तेव्हा माझं डोकं चढलं होतं. कोर्टाच्या आवारात बाईंचा कांस्याचा पुतळा आहे, १९८७ चा. दगडावर बसलेली अनवाणी मुलगी, हातात गिटार. ना तो भलाथोरला केसांचा टोप, ना चमचम. हिच्याच वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलांना घरपोच फुकट पुस्तकं पाठवण्याची योजना बाईंनी १९९५ मध्ये सुरू केली, ती या वडिलांमुळेच.

हेच वडील रात्री ट्रकमध्ये साबणाच्या पाण्याची बादली आणि झाडू टाकून इथे यायचे आणि लेकीच्या पुतळ्यावरची कबुतरांची घाण घासून काढायचे. बाईंना ते कळलं वडील गेल्यावर. मुलीसमोर एका शब्दाने कौतुक न करणारे बाप आपल्याकडे घरोघरी आहेत. माझ्याही घरी होते. मी भाच्याला म्हटलं, तू फोटो काढ, आणि गॉगल डोळ्यांवर ओढला.

पुतळ्याच्या गुडघ्यावर एक वाळका पांढरा डाग होता. मी पर्समधून ओला टिश्यू काढला.

"मावशी, कोर्ट आहे हे. कॅमेरे असतील."

"असू देत."

चांगला दाबून घासला. नुसत्या टिश्यूने जात नाही तो.