ग्रेट अल्पाइन रोडवर आपलं सांबर

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात वँगरॅटा ते बेर्न्सडेल हा ३०८ किलोमीटरचा ग्रेट अल्पाइन रोड आहे. मेलबर्नहून बाइकवर निघणाऱ्याला सगळे कांगारूंबद्दल बजावतात, आणि ते बरोबरच आहे. पण वाटेतलं ब्राइट हे गाव सोडल्यावर त्याहून जास्त धास्ती सांबराची बाळगा. ताडोबात, मेळघाटात दिसतं तेच हे सांबर. १८६०च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी ते श्रीलंकेतून आणून इथल्या रानात सोडलं. इथे वाघ नाही, कोळसुंद नाही; त्यामुळे पूर्वेकडच्या सगळ्या डोंगरांत ते पसरलं. पूर्ण वाढलेला नर सहज २०० किलोच्या वर भरतो.

वँगरॅटा ते ब्राइट हे ७७ किलोमीटर ओव्हन्स नदीच्या काठाने, शेतांमधून जातात. इथे दिवसा फारसा त्रास नाही. ब्राइटला टाकी फुल करा. पुढचा पंप ओमिओला, १०८ किलोमीटरवर, असं धरूनच चला.

हॅरिएटव्हिलपासून माउंट हॉथमपर्यंत साधारण ३० किलोमीटरचा घाट लागतो. एका अंगाला कापलेला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, आणि अधूनमधून एखादा ओढा. सांबर पाणी आणि ओलसर घळी सोडून फार लांब जात नाही, म्हणून रस्ता ओलांडायच्या त्याच्या जागा ठरलेल्या असतात. त्या ओळखता येतात. डोंगराच्या कापलेल्या मातीत खुरांनी घासून पडलेली उभी खाच दिसते आणि नेमकी तिच्यासमोर दरीकडच्या झुडपांत फट असते. सकाळी डांबरावर ओल्या चिखलाचा आडवा पट्टा दिसला, तर जनावर नुकतंच गेलंय असं समजा. अशा जागी वळणाआधीच गिअर उतरवा आणि दोन बोटं पुढच्या ब्रेकवर ठेवा.

पहाटे आणि सूर्य मावळल्यावर हा घाट टाळा. मे महिन्यात सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो, दरीत अंधार त्याआधीच पडतो. म्हणून सकाळी नऊनंतर हॅरिएटव्हिल सोडावं आणि चारच्या आत ओमिओ गाठावं. जून ते सप्टेंबर वर बर्फ असतो. तेव्हा बाइक नेऊच नका.

अंधारात अडकलातच तर वेग उजेडाला बांधून घ्या. ताशी १०० च्या वेगात मेंदूने धोका ओळखून हात ब्रेकवर जाईपर्यंतच ४० मीटर जातात आणि कोरड्या डांबरावर थांबायला आणखी ५५. ८० ला एकूण ७० मीटरच्या आसपास, ६० ला ४५. डिपरचा (हेडलाइटच्या खालच्या झोताचा) उपयोगी उजेड जेमतेम ५०-६० मीटर पडतो. म्हणजे डिपरवर ६० हीच कमाल. समोर गाडी नसेल तेव्हा अप्पर (वरचा झोत) ठेवा, पण वळणावर तोही रस्ता सोडून दरीत पडतो, तेव्हा तिथेही ६०च.

फक्त चमकणारे डोळे शोधत बसू नका. सांबराचा अंगरंग गडद तपकिरी, आणि ते आडवं उभं असेल किंवा मान खाली घालून चरत असेल तर डोळे चमकतच नाहीत. त्यापेक्षा रस्त्याकडेच्या पांढऱ्या खुंट्यांवर नजर ठेवा. डाव्या खुंटीवर लाल परावर्तक असतो, उजवीवर पांढरा. रांगेतला एखादा ठिपका मध्येच विझला, तर त्याच्यापुढे काहीतरी उभं आहे. तिथेच वेग तोडा.

जनावर दिसल्यावर बाइक सरळ उभी करून दोन्ही ब्रेक लावा. एबीएस नसेल तर पुढचा ब्रेक आधी हलका लावून मग दाबत न्या. झटका दिलात तर चाक लॉक होतं. बाइक कलवून वाट काढू नका, सांबर ऐनवेळी उलटं फिरतं. अप्परमध्ये ते दिपून खिळलं तर डिपर करा आणि थांबून राहा. एक गेलं म्हणून लगेच गिअर टाकू नका. मादीच्या मागे पिल्लू हमखास असतं, आणि बहुतेक धडका या दुसऱ्याशीच होतात असं धरून अर्धा मिनिट जाऊ द्या. बाइकला लावायच्या त्या हरणांच्या शिट्ट्यांवर पैसे घालू नका; त्यांनी जनावरं बाजूला होत नाहीत.

हॉथमनंतर डिनर प्लेन ते ओमिओ काही ठिकाणी मोकळं रान लागतं, पण मध्ये झाडीही आहे. ओमिओच्या आसपास मोकाट घोडेही भेटतात. ते कळपाने असतात, तेव्हा पूर्ण थांबा. ओमिओपासून टांबो नदीच्या काठाने ब्रुथेनपर्यंत पुन्हा वळणं आणि पाणी, म्हणून घाटातलेच नियम.

धडक झालीच तर आधी स्वतःला रस्त्यावरून बाजूला काढा आणि वळणाआधी कोणाला तरी टॉर्च घेऊन उभं करा. माणूस जखमी असेल किंवा जनावर रस्ता अडवून पडलं असेल तर ००० हा तिथला आपत्कालीन नंबर लावा. मोबाइलला रेंज खोऱ्यांत जाते, म्हणून ऑफलाइन नकाशा आणि जमल्यास सॅटेलाइट मेसेंजर जवळ असू द्या. जखमी सांबराच्या जवळ जाऊ नका, लाथ जबर बसते. पोलिसांत नोंद करा. इजेचा दावा टीएसीकडे (रस्ते अपघातातल्या जखमींना भरपाई देणारी व्हिक्टोरियाची सरकारी संस्था) करायचा तर ती लागते. बाइक पुन्हा सुरू करण्याआधी रेडिएटरमधून गळती, पुढच्या चाकाची रिम, फोर्क सील आणि ब्रेकची नळी बघा. हँडल सरळ धरूनही चाक तिरकं दिसत असेल तर ओमिओपर्यंतसुद्धा चालवू नका, टो ट्रक मागवा.