तुम्ही विचारलंत म्हणून: जुने स्पीकर काढायचे का?

दिवाळीच्या ऑफर लागल्या की हमखास कुणीतरी विचारतं, घरात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे स्टीरिओ स्पीकर आहेत, आता मोठा टीव्ही घेतलाय, होम थिएटर करायचंय, तर हे काढून नवीन सेट घेऊ का?

नका काढू. निदान तपासल्याशिवाय तरी नकोच. स्पीकर म्हणजे चुंबक, कॉइल, कोन (पुढचा शंकूसारखा हलणारा पडदा) आणि लाकडी खोका, मोबाईलसारखं दोन वर्षांत जुनं होणारं त्यात काही नाही. स्वस्तातल्या सहा डब्यांच्या सेटमधले पुढचे दोन पाहा, हातात मावतात एवढे असतात, त्यातून तुमच्या साडेसहा इंची वूफरचा, म्हणजे जाड आवाज काढणाऱ्या मोठ्या कोनाचा, भरीवपणा येणार कुठून? हवा ढकलायला मोठा कोनच लागतो.

खराब काय होतं ते बघायला पुढची जाळी काढा. कोनाच्या कडेला जी गोल पट्टी असते, तिला सराउंड म्हणतात, ती फोमची असेल तर दहा-वीस वर्षांत कुजतेच, वाजवा नाहीतर झाकून ठेवा. हळूच बोट लावा, काळा चिकट चुरा हाताला आला म्हणजे फोम गेला. रबराची असेल तर बहुतेक वेळा ठणठणीत असते. मग कोनाच्या मध्याभोवती दोन्ही हातांची बोटं टेकवून अगदी हलक्याने सरळ आत दाबा, खरखर लागली तर कॉइल घासतेय. ट्वीटरला, म्हणजे बारीक आवाज काढणाऱ्या छोट्या भागाला, मात्र हात लावू नका, पातळ घुमट असतो, दबला की दबला. नुसता फोम गेला असेल तर रिफोम होतो, म्हणजे नवी पट्टी बसवून मिळते, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा, अशी कामं करणारे सापडतात. आतल्या क्रॉसओव्हरमधले (जाड आणि बारीक आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटमधले) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही वयाने उतरतात, आवाज दबल्यासारखा येतो, पण तेही बदलता येतात आणि फार खर्चाचं काम नाही.

स्पीकर ठीक निघाले तर पैसे रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा अॅम्प्लिफायर) आणि सबवूफर (फक्त अगदी जाड आवाजाचा वेगळा स्पीकर) यांत घाला. रिसीव्हरमध्येही आवाज वेगळे करायची सोय असते, तिथे ८० हर्ट्झला क्रॉसओव्हर लावला की त्याखालच्या जाड आवाजाचा सगळा भार सबवूफर उचलतो आणि जुन्या वूफरचे हाल होत नाहीत. घेण्याआधी स्पीकरच्या मागे ओहम किती लिहिलेत ते मात्र बघा, ८ किंवा ६ असेल तर चिंता नाही, ४ असेल तर रिसीव्हरच्या माहितीपत्रकात ४ चालतं का ते वाचूनच घ्या.

खरा घोळ होतो सेंटर स्पीकरचा, म्हणजे टीव्हीजवळ मधोमध ठेवायच्या स्पीकरचा. सिनेमातले बहुतेक डायलॉग तिथूनच येतात, आणि तो भलत्याच कंपनीचा असला तर गाडी किंवा माणूस डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच आवाजाचा पोत बदलतो, एकदा कानाला लागलं की मग सुटत नाही. म्हणून त्याच कंपनीचा, जमल्यास त्याच सीरिजचा सेंटर सेकंडहँड शोधा. नाही मिळाला तर सेंटरशिवाय चालवा, अगदी मनापासून सांगतोय. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सेंटर 'नाही' असं टाकलं की रिसीव्हर डायलॉग डाव्या-उजव्या दोघांत सारखे वाटून देतो, काही गळत नाही, आणि समोर मध्यभागी बसलात तर आवाज टीव्हीतूनच आल्यासारखा वाटतो. अडचण एवढीच की आपल्याकडे हॉलमध्ये आजी कोपऱ्यातल्या खुर्चीत, मुलं खाली सतरंजीवर, अशा पद्धतीने सगळे पिक्चर बघतात, कडेला बसणाऱ्याला सगळं जवळच्या स्पीकरमधून येतंय असं वाटतं. घरातल्या कुणाला कमी ऐकू येत असेल तर सेंटर हवाच, कारण त्याची लेव्हल वेगळी दोन-तीन डेसिबल चढवता येते.

मग बदला असं मी कधी सांगतो? पावसाळ्यांच्या ओलीने खोका खालून फुगलाय, सांधे सुटलेत, किंवा कॉइल जळलीय आणि तसा ड्रायव्हर (कोन-कॉइल-चुंबकाचा अख्खा भाग) कुठेच मिळत नाही, तेव्हा. अशा वेळी द्या काढून, पण घेताना पुढचे तिन्ही एकाच सीरिजचे घ्या, मागचे दोन सहा महिन्यांनी आले तरी चालतं.