लाल भोपळ्याचे गोड ओट्स
थँक्सगिव्हिंग या अमेरिकेतल्या सणाच्या गारठलेल्या सकाळी दोघांना पुरतील एवढे हे ओट्स. लाल भोपळा पाण्यात बुडवून शिजवू नका, सगळी चव पाण्यात जाते. फोडी वाफवून घोटा. पाऊण वाटी गर हवा. तो चमचाभर तुपात परता. कडेने तूप सुटलं, कच्चा वास गेला, की अर्धा चमचा दालचिनीपूड, पाव चमचा सुंठ, चिमूटभर जायफळ. मसाला तुपातच खुलतो. मग वाटीभर रोल्ड (वाफवून चपटे केलेले) ओट्स, दोन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ. मंद आचेवर १० मिनिटं. इन्स्टंट ओट्स नकोतच, त्यांची खळ होते! अर्धी वाटी कोमट दूध घालून गॅस बंद करा. दोन चमचे गूळ ५ मिनिटांनी घाला; उकळत्या दुधात टाकला तर दूध फाटू शकतं. वरून भाजलेले अक्रोड.