वैशाखात नेपाळला जाण्याची तयारी

नेपाळला जायचे ठरले की सोलापुरात बहुतेक जण आधी यात्रा कंपनीचे पत्रक हातात घेतात. त्या पत्रकात काठमांडू, पोखरा, मुक्तिनाथ, मनोकामना, चितवन आणि लुंबिनी ही सगळी नावे आठ-नऊ दिवसांत बसवलेली असतात आणि लुंबिनीच्या वाट्याला जेमतेम एक दुपार येते. आमच्या घरी या यात्रेचा विषय निघाल्यापासून मी जे वाचले, जाऊन आलेल्यांना जे विचारले आणि नकाशावर जी अंतरे मोजून पाहिली, त्यांवरून माझे मत असे झाले आहे की नेपाळची यात्रा स्थळांच्या यादीवरून आखू नये. ती तिथीवरून आणि सोबत येणाऱ्या माणसांच्या श्रद्धेवरून आखावी.

तिथीचे महत्त्व सोलापूरकराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जून महिन्यात आलेल्या पाहुण्याला आपण सिद्धेश्वराचे मंदिर दाखवू शकतो, तलाव दाखवू शकतो, सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती स्थापन केलेल्या 68 लिंगांची माहितीही देऊ शकतो; पण संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, सात नंदीध्वज निघतात आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, ते पाहिल्याशिवाय या गावाला सिद्धेश्वर म्हणजे कोण, हे त्याला कळणार नाही. काठमांडूच्या खोऱ्यातील बहुतेक मंदिरे आणि विहारही वर्षभर उघडे असतात, मात्र तिथला देव रस्त्यावर येतो तो ठरावीक दिवसांत, आणि आम्हाला तेच दिवस गाठायचे आहेत.

म्हणून आम्ही वैशाख निवडला आहे. या महिन्यात पाटण, म्हणजेच ललितपूर, या जुन्या नगरात रातो मच्छिंद्रनाथाची रथयात्रा निघते आणि याच महिन्यात बुद्धपौर्णिमा येते. रथ लाकडी चाकांचा असतो, त्यावर वेताने बांधलेला सुमारे 60 फूट उंचीचा मनोरा असतो आणि माणसे दोरखंडांनी तो गल्लीगल्लीतून ओढत नेतात. देव वर्षातील काही महिने पाटणमध्ये आणि उरलेले महिने जवळच्या बुङमती गावी राहतो. एरवी रथ पाटणमध्येच उभारला जातो. दर बारा वर्षांनी मात्र तो बुङमतीहून निघतो. अशी बारा वर्षांची यात्रा 2015 साली झाली होती. रथ वाटेत असतानाच 25 एप्रिलला भूकंप झाला, नेपाळमध्ये जवळपास नऊ हजार माणसे गेली, बुङमतीचे मंदिर कोसळले आणि रथ महिनोन् महिने वाटेतच थांबून राहिला. तरी लोकांनी पुढे तो ओढून यात्रा पूर्ण केली. त्या हिशोबाने बुङमतीहून निघणारा पुढचा रथ 2027 सालचा, आणि आमची सगळी तयारी त्या वर्षासाठी चालली आहे.

हा मच्छिंद्रनाथ आपल्याला परका नाही. श्रावणात नवनाथांच्या पोथीचे पारायण होणाऱ्या घरात मी वाढलो आणि गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर ही परंपरा ज्या गुरूपासून सुरू होते, त्याचाच रथ पाटणचे लोक ओढतात, हे कळल्यावर मला अतिशय आनंद झाला. नेपाळमध्ये सांगतात ती कथा अशी : गोरखनाथ पाऊस पाडणाऱ्या नागांना दडपून ध्यानाला बसले आणि बारा वर्षे दुष्काळ पडला. राजा नरेंद्रदेव, तांत्रिक बंधुदत्त आणि एक शेतकरी असे तिघे कामरूपाला, म्हणजे आसामात, जाऊन मच्छिंद्रनाथांना घेऊन आले. गुरूला वंदन करण्यासाठी गोरखनाथ उठले, नाग मोकळे झाले आणि पाऊस आला. दुष्काळाची आणि पावसाची ही कथा आईला सांगितली तेव्हा तिने दोन्ही हात जोडले. पावसाची वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या आमच्या जिल्ह्याला त्या कथेचा अर्थ ताबडतोब कळतो.

परंतु या देवाचे दुसरे रूप तितकेच खरे आहे आणि आमच्या आखणीतला सर्वांत नाजूक प्रश्न तिथेच उभा राहतो. नेवार, म्हणजे काठमांडू खोऱ्यातील मूळ रहिवासी समाज; त्यांतील बौद्धांच्या दृष्टीने हा मच्छिंद्रनाथ म्हणजे करुणामय, बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. त्याची पूजा बौद्ध पुजारी करतात आणि रथ ओढताना हिंदू व बौद्ध असा भेद कोणी करत नाही. आमच्यासोबत शेजारचे काका आणि काकू येणार आहेत. ते बौद्ध आहेत, बाबासाहेबांच्या 22 प्रतिज्ञा त्यांच्या घरात नुसत्या भिंतीवर लावलेल्या नाहीत, त्या पाळल्या जातात, आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणार नाही ही प्रतिज्ञा त्यांपैकीच एक आहे. रथयात्रेबद्दल ऐकून काकांनी मला सरळ विचारले, "मग हा देव नक्की कोणाचा? आणि आम्ही तिथं कोण म्हणून उभं राहायचं?"

मी त्यांना तेव्हा घाईने उत्तर दिले नाही. "नेपाळमध्ये सगळे एकच आहे" हे वाक्य पर्यटनाच्या माहितीत सर्रास आढळते, पण ते काकांसारख्या माणसावर अन्याय करणारे आहे; ज्याने विचारपूर्वक एक धर्म सोडून दुसरा स्वीकारला, त्याला दोन्ही एकच आहेत असे सांगणे म्हणजे त्याच्या निर्णयाला किंमत न देणे होय. नेवार समाजाने शेकडो वर्षांत जे साधले ते त्यांचे आहे आणि महाराष्ट्रात 14 ऑक्टोबर 1956 रोजी जे घडले ते आपले आहे. दोन्ही समजून घ्यावीत, एकाने दुसरे पुसू नये. शेवटी असे ठरले की रथाच्या दिवशी आई दर्शन घेईल, काका-काकू बौद्ध परंपरेचा एक प्राचीन उत्सव म्हणून तो पाहतील, आणि कोणी कोणाला हात जोडायला किंवा न जोडायला सांगणार नाही.

काकूंची मागणी मात्र एकच होती. "लुंबिनीला पळापळ नको. तिथं मला मुक्काम पाहिजे, सकाळी उठून बसायला पाहिजे." ही मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते. लुंबिनीचा परिसर उत्तर-दक्षिण जवळजवळ पाच किलोमीटर लांब आहे. जपानी वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांनी 1978 साली तयार केलेल्या आराखड्याप्रमाणे मधोमध कालवा आहे, त्याच्या पूर्वेला थेरवादी आणि पश्चिमेला महायान परंपरेचे विहार आहेत आणि दक्षिण टोकाला मायादेवी मंदिर व अशोकस्तंभ आहे. काकूंचे गुडघे दुखतात, त्यामुळे विहार पाहण्यासाठी ई-रिक्षा आणि स्तंभाजवळ बसण्यासाठी दोन सकाळी, अशी विभागणी केली आहे. स्तंभावरील ब्राह्मी लेखात अशोकाने राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. 249च्या सुमारास, इथे स्वतः येऊन पूजा केल्याचे, शाक्यमुनी बुद्धांचा जन्म इथे झाल्याचे आणि म्हणून या गावाचा बली हा कर माफ करून उत्पन्नातील राजाचा भाग आठव्या हिश्श्यावर आणल्याचे लिहिले आहे. तीर्थाला आलेल्या राजाने गावाचा कर कमी केला, हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. हा स्तंभलेख 1896 साली पुन्हा उजेडात आला.

काकांना काठमांडूची ओढ वेगळ्या कारणाने आहे. नोव्हेंबर 1956मध्ये जागतिक बौद्ध परिषदेचे अधिवेशन तिथे भरले आणि बाबासाहेब प्रकृती खालावलेली असतानाही त्याला गेले; बुद्ध आणि मार्क्स यांच्याविषयीचे त्यांचे भाषण तिथलेच. त्यानंतर 6 डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. यात्रा कंपनीच्या कोणत्याही पत्रकात हा उल्लेख मला आढळला नाही, आणि महाराष्ट्रातून जाणाऱ्या लोकांसाठी तरी तो असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात हिंदूंनाच प्रवेश आहे. इतरांना बागमतीच्या पूर्व तीरावरून ते पाहता येते. त्यामुळे त्या सकाळी आम्ही दोन वाटांनी जाणार आहोत. आई, माझी पत्नी आणि मी पशुपतिनाथाला जाऊ, काका-काकू तिथून दोन-अडीच किलोमीटरवर असलेल्या बौद्धनाथ स्तूपाला जातील आणि दुपारी आम्ही स्तूपाजवळच त्यांना भेटू. आईला एका गोष्टीचे विशेष अप्रूप आहे : पशुपतिनाथाचे मुख्य पुजारी भट्ट हे कर्नाटकातून आलेले असतात. कानडी जिच्या कानावर लहानपणापासून आहे, अशा सोलापूरच्या बाईला हिमालयाच्या पायथ्याशी ते शब्द ऐकू येण्याची शक्यता काही लहान नाही.

काही गोष्टी आम्ही सोडल्या. मुक्तिनाथ साधारण 3,700 मीटरच्या वर आहे आणि आईच्या श्वासाचा विचार करता तिथे जाण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नव्हता. काठमांडू खोऱ्यावर पूर्वी राज्य करणाऱ्या मल्ल राजांची कुलदेवता तलेजू भवानी हिचे दर्शन मात्र चुकणार याची हळहळ वाटते. मिथिलेतल्या कर्णाट घराण्याबरोबर ही देवी खोऱ्यात आली असे तिथली परंपरा सांगते, आणि आमची कुलस्वामिनी तुळजापूरची असल्यामुळे तिच्याविषयी आईला आधीच माया वाटू लागली आहे. काठमांडूतील तिचे 1564 साली बांधलेले मंदिर सर्वसामान्यांसाठी वर्षातून एकदा, दशैंच्या, म्हणजे तिथल्या दसऱ्याच्या, नवमीलाच उघडते. वैशाख आणि आश्विन एका यात्रेत साधता येत नाहीत. काष्ठमंडप मात्र पाहायचाच आहे. गोरखनाथांची मूर्ती असलेली ही लाकडी वास्तू 2015च्या भूकंपात पूर्ण कोसळली होती आणि जुन्याच पद्धतीने ती पुन्हा उभारण्यात आली आहे.

कागदपत्रांचे म्हणाल तर भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाणाऱ्या प्रौढांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे लागते, आधार कार्डावर भागत नाही; 65 वर्षांवरील आणि 15 वर्षांखालील व्यक्तींना यात सवलत आहे. काकूंच्या मतदार ओळखपत्रावर माहेरचे नाव आहे आणि बाकी सगळीकडे सासरचे, म्हणून त्यांचा पासपोर्ट काढण्याचे काम आम्ही सर्वांत आधी हाती घेतले. भारतीय 100 रुपयांचे नेपाळी 160 रुपये होतात. मोठ्या भारतीय नोटांबाबतचे नियम बदलत आले आहेत, त्यामुळे निघण्यापूर्वी ते तपासून घ्यावेत आणि शंभराच्या नोटा भरपूर ठेवाव्यात. तिथे साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, हेही आखणी करताना ध्यानात ठेवावे.

जाताना पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तिथून रस्त्याने सोनौलीची सीमा आणि पुढे भैरहवामार्गे लुंबिनी असा मार्ग धरला आहे. कडक भाकरी आणि शेंगा चटणी बरोबर असली की रेल्वेतल्या जेवणाची चिंता राहत नाही. लुंबिनी तराईत, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडील सखल पट्ट्यात, असल्यामुळे वैशाखात तिथला उन्हाळा आपल्यासारखाच कडक असतो आणि हवाही दमट असते. म्हणून भैरहवाहून काठमांडूला घाटातून दिवसभर बसने न जाता विमानाने जायचे, एवढी एक चैन ज्येष्ठांसाठी मान्य केली आहे.

अजून दोन गोष्टी ठरायच्या आहेत. पहिली म्हणजे बुद्धपौर्णिमेला लुंबिनीत असायचे आणि रथही चालताना पाहायचा, तर आधी कुठे जायचे, हे रथ निघण्याचा मुहूर्त जाहीर झाल्यावरच नक्की होईल. दुसरी म्हणजे परतताना गोरखपूरपासून जवळ असलेल्या कुशीनगरला थांबायचे की नाही. जन्मस्थानापर्यंत जाऊन महापरिनिर्वाणाची जागा टाळू नये, असे काकांचे म्हणणे आहे आणि मला ते पटते. आईचा कल थेट घरी येण्याकडे आहे. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी खुले होते, तोपर्यंत या दोन्हींचा निर्णय आम्ही पाच जण एकत्र बसून करू.