एकाच साच्याच्या बोटी, तारेचा ताण आणि तिथीचा हिशेब

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची काही मंडळी आता शिडाच्या बोटीवर क्रू म्हणून जातात. चोर्ला घाट उतरलं की मांडवीचं तोंड, रात्रीची बस धरली की सकाळी मुंबई. समुद्र रोज डोळ्यासमोर नसल्यानं आपण मागं पडणार, असं त्यांतल्या अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. वन-डिझाइन क्लासमध्ये सगळ्यांची बोट, डोलकाठी आणि शिडं एकाच मापाची असतात. मग उरलेला फरक बोटीच्या तयारीत आणि पाण्याच्या हिशेबात असतो. ही दोन्ही कामं घाटावर बसूनही शिकता येतात.

उदाहरणाला जे-२४ घेतो, कारण मुंबई बंदरात या बोटींच्या शर्यती होतात आणि जगभर पाच हजारांहून जास्त बोटी बांधल्या गेल्यानं तिच्याबद्दलची माहिती भरपूर आहे. रॉड जॉन्स्टन यांनी ही बोट आखली आणि १९७७ पासून ती कारखान्यात बनू लागली. लांबी ७.३२ मीटर, रुंदी २.७१ मीटर, पाण्याखालची खोली १.२२ मीटर, वजन सुमारे १,४०६ किलो. त्यांतलं ४३१ किलो म्हणजे तळाला बसवलेलं शिसं. हे शिसं बोटीला सरळ उभं करतं, म्हणून छोट्या डिंगीसारखी ती सहजी पालथी होत नाही. पण झडपा आणि मागचे लॉकर उघडे ठेवून जोराच्या वाऱ्यात आडवी झाली तर पाणी आत शिरतं आणि शिसंच तिला खाली ओढतं. स्पिनेकर (वारा मागून असताना लावायचं फुगीर शीड) चढवायच्या आधी लॉकरच्या कड्या लावणं हे बो-मनचं, म्हणजे नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकाला) काम करणाऱ्याचं, पहिलं काम समजा.

क्रूच्या एकूण वजनाची मर्यादा ४०० किलो आहे. आपल्याकडची पाच सडपातळ माणसं मिळून ३१०-३२० किलो भरतात, आणि इथंच बरेच जण फसतात. दुसऱ्या बोटीवर मर्यादेला टेकलेला क्रू असेल तर १५ नॉट (ताशी १५ सागरी मैल) वाऱ्यात ती सरळ राहते आणि आपली कलते. कललेली बोट आडवी सरकते, सुकाणू जड होतं, आणि सुकाणू ओढून धरलं की ते पाण्यात ब्रेकचं काम करतं. हलक्या क्रूनं शिडाची ताकद इतरांच्या आधी कमी करायला हवी. बॅकस्टे (डोलकाठीच्या टोकापासून मागं येणारी तार) ताणायचा म्हणजे डोलकाठी वाकते आणि मेनसेल (मुख्य शीड) सपाट होतं. मग कनिंगहॅम (मेनसेलची पुढची कड खाली ताणणारा दोर) ओढायचा आणि झोत आला की ट्रॅव्हलर (मेनसेलचा दोर आडवा सरकवणारी पट्टी) खाली सोडायचा. कलणं २० अंशांच्या आत राहिलं पाहिजे. वारा २० नॉटच्या आसपास गेला की जेनोआ (पुढचं मोठं शीड) उतरवून जिब (पुढचं लहान शीड) लावायचं, आणि हा निर्णय धक्क्यावरच घ्यायचा. मधल्या लेगमध्ये (शर्यतीच्या टप्प्यात) शीड बदलताना जेवढी अंतरं जातात तेवढी पुढं भरून निघत नाहीत.

आता तारांकडं येऊ. माझ्या मते या क्लासमधला निम्मा वेग इथं आहे. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी वरच्या आणि खालच्या शराउड तारा असतात. शहापूर-वडगावात माग चालवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे लगेच कळेल: ताण्याचा एक भाग सैल राहिला तर कापड तिरपं येतं, तसंच एका बाजूची तार सैल राहिली तर शीड एका टॅकवर (वारा एका बाजूनं घेत जाताना) चांगलं बसतं आणि दुसऱ्यावर नाही.

बोट शांत पाण्यात बांधलेली असताना आधी डोलकाठी मध्यात आणायची. मेन हॅलयार्डच्या (मेनसेल वर ओढायच्या दोराच्या) टोकाला मोजपट्टी लावून दोन्ही काठांवरच्या सारख्याच जागेपर्यंत अंतर मोजायचं. फरक पाच मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर वरच्या तारांचे टर्नबकल (ताण कमी-जास्त करायचे आट्यांचे जोड) फिरवायचे, एका बाजूला अर्धा फेरा आवळला तर दुसऱ्या बाजूला अर्धा फेरा सैल. मध्य जुळला की दोन्ही बाजू सारख्याच फेऱ्यांनी ताणत न्यायच्या. त्यानंतर खालच्या तारा. शेवटी बूमजवळ (मेनसेलच्या खालच्या आडव्या दांड्याजवळ) गाल टेकवून मेनसेलच्या खोबणीतून वर बघायचं. खोबण सरळ रेषेत दिसली तर ठीक. मधे एका बाजूला पोट दिसलं तर विरुद्ध बाजूची खालची तार सैल आहे. ताण मोजायला तारेच्या जाडीप्रमाणे योग्य मॉडेलचा गेज घ्या आणि आकडे शीड बनवणाऱ्याच्या तक्त्यातून घ्या, कारण प्रत्येकाच्या शिडाचा कट वेगळा असतो.

खरी तपासणी पाण्यावर होते. आठ-दहा नॉट वाऱ्यात वाऱ्याकडं जाताना वाऱ्याखालची वरची तार नुकतीच ढिली पडायला लागलेली असावी. ती लोंबत असेल तर ताण कमी आहे. भरपूर वाऱ्यातही घट्टच राहत असेल तर ताण जास्त आहे. ताणाखाली असलेलं टर्नबकल कधी फिरवू नका. स्टेनलेसचे आटे एकमेकांना चिकटून बसतात आणि मग कापण्याशिवाय इलाज राहत नाही. आट्यांना लॅनोलिन ग्रीस लावायचं आणि तार सैल करूनच फिरवायचं.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. खाऱ्या पाण्यात ३०४ ग्रेडचं स्टेनलेस वापरू नका. महिन्या-दोन महिन्यांत त्यावर तपकिरी डाग येतात आणि खाली खड्डे पडतात. ३१६ घ्या. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टेनलेसचा स्क्रू बसवताना मधे जस्त क्रोमेटची किंवा तशाच कामाची पेस्ट लावा, नाहीतर ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झिजतं. सुकाणूच्या पिंटलमधला (बिजागरीच्या खिळीतला) खेळ बघा. सुकाणू खटखटत असेल तर बूश झिजला आहे आणि लाटेवर बोट सरळ धरताच येत नाही. मात्र लेथवर नवा भाग फिरवून आणण्याआधी क्लासचे नियम वाचा. काय बदलायची मुभा आहे ते त्यांत लिहिलेलं असतं. जे लिहिलेलं नाही ते करायला बंदी आहे असंच धरून चाला. चांगल्या हेतूनं घासलेली कील (तळाचं शिशाचं पातं) मापनात नापास झाली तर सगळी मेहनत वाया जाते.

तळ मात्र घासायचाच. मूरिंगवर (पाण्यातच बांधून) राहणाऱ्या बोटीला मुंबईच्या पाण्यात थोड्याच दिवसांत शेवाळ आणि कालवं धरतात. शर्यतीच्या आदल्या दिवशी मऊ स्पंजनं तळ पुसायचा. पाण्याबाहेर काढलेली असेल तर ४०० नंबरच्या पाणकागदानं, पुढून मागं, एकाच दिशेनं.

भरती-ओहोटीचा हिशेब आपल्याकडं घरातल्या दिनदर्शिकेवरून सुरू होतो. तिथीला पाऊणानं गुणलं की मुंबईच्या भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. कोळी मंडळींचा हा हिशेब तासाभराच्या फरकानं जुळतो आणि नियोजनाला पुरतो, पण शर्यतीच्या दिवशी छापील तक्ताच घ्यायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा मुंबईत पाणी चार मीटरहून जास्त चढउतार करतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा तो चढउतार बराच कमी. गोवा-कारवारकडं हे आकडे मुंबईपेक्षा पुष्कळ लहान असतात, पण नदीच्या तोंडाशी ओढ तेवढीच फसवी.

सहा तासांत पाणी सारख्या वेगानं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. चार मीटरच्या भरतीत तिसऱ्या आणि चौथ्या तासाला पाणी एकेक मीटर चढतं. म्हणजे प्रवाहाची खरी ओढ याच दोन तासांत. एक नॉटचा प्रवाह मिनिटाला ३१ मीटर वाहून नेतो. वाऱ्याकडच्या एक सागरी मैलाच्या लेगला जे-२४ ला सुमारे पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात साडेचारशे मीटर सरकलात. वरच्या बॉयपर्यंतची (तरंगत्या खुणेपर्यंतची) लेलाइन, म्हणजे जिथून टॅक न बदलता थेट बॉय गाठता येतो ती रेषा, हा आकडा धरून काढली नाही तर बॉय एकतर मागं राहतो किंवा गाठताच येत नाही. नांगरलेल्या जहाजाच्या साखळीपाशी, मच्छीमारांच्या बोयऱ्यापाशी पाणी कसं वळतंय ते बघा. मोबाइलवरच्या ॲपपेक्षा ते जास्त ताजं सांगतं.

सुरुवातीच्या रेषेवरही हेच गणित. पाच मिनिटांवर इशारा, चार मिनिटांवर तयारीचं निशाण, एक मिनिटावर ते खाली, मग सुरुवात. रेषा १०० मीटर लांब आणि वाऱ्याला पाच अंश तिरपी असेल तर जवळच्या टोकाला साडेआठ-नऊ मीटरचा फायदा, म्हणजे एका बोटीपेक्षा जास्त. दहा अंश असेल तर सतरा मीटर. हा फायदा सगळ्यांना दिसतो, म्हणून त्या टोकाला गर्दी होते. नव्या क्रूनं त्या टोकापासून तीन-चार बोटी अंतर सोडून मोकळी हवा घ्यावी, असं मी ठामपणे म्हणेन. कोणाच्या वाऱ्याखाली अडकून निघालात तर पहिलं मिनिट गेलंच. प्रवाह रेषेवरून पलीकडं ढकलत असेल तर शेवटच्या मिनिटात रेषेपासून ३०-४० मीटर मागं राहा, कारण एका नॉटला शिडं फडफडत ठेवून थांबलात तरी तेवढं पुढं जाताच.

टॅक करताना जेनोआची शीट (शीड ओढून धरायचा दोर) लवकर सोडली तर बोट मधेच थबकते, उशिरा सोडली तर शीड उलटं भरून नाळ मागं ढकलतं. शीड उलटं व्हायला लागलं त्या क्षणी सोडायची. नवी शीट पूर्ण ओढून घ्यायची घाई करू नका. शेवटचे चार-सहा इंच बोटीला वेग आल्यावर विंचवर (दोर ओढायच्या चरखीवर) फिरवा.

शर्यतीनंतरच्या दिवशी याच बोटीतून मांडव्याला जाऊन या. गेटवेपासून सरळ रेषेत साधारण सात-आठ सागरी मैल. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो. मधला तास-दीड तास वारा मरतो, तेव्हा आउटबोर्ड इंजिन लागतंच. बंदरात डोलीच्या जाळ्यांचे खुंट पाण्याच्या जेमतेम वर असतात. जाळं कीलला किंवा सुकाणूला अडकलं तर इंजिन सुरू करू नका, प्रोपेलरमध्ये दोर गेला की दोन अडचणी होतात. शीट सोडा, सगळे एका बाजूला बसून बोट कलती करा म्हणजे खोली कमी होते, आणि बोटहूकनं दोर खाली ढकला. जाळं कापायचं नाही, त्यावर कोणाचं तरी पोट आहे.

नांगर टाकताना ओहोटीची खोली मोजून समाधान मानू नका. आत्ता चार मीटर पाणी, चार मीटर चढणार, नाळेची उंची एक मीटर: एकूण नऊ. त्याच्या पाचपट, म्हणजे ४५ मीटर दोर सोडायला हवा. त्याहून कमी दोरावर भरतीत नांगर उचलला जातो आणि जेवायला बसलेल्या क्रूला ते समजतही नाही. व्हीएचएफ रेडिओ १६ चॅनलवर चालू ठेवा, तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४ फोनमध्ये भरून ठेवा.

मे संपायच्या आत डोलकाठी उतरवायची. पावसाळ्यात तारा वर तशाच ठेवल्या तर प्रेस केलेल्या टोकाशी पाणी मुरतं आणि १×१९ तारेची (एकोणीस काड्या पिळून केलेल्या तारेची) एखादी काडी आतून तुटते. एक काडी जरी तुटलेली दिसली तरी ती तार बाद. टर्नबकल आणि चेनप्लेट (तारा बोटीला जोडणाऱ्या पट्ट्या) काढून बेळगावला आणा आणि डाय-पेनिट्रंट चाचणी (रंग मुरवून तडे शोधायची) करून घ्या. ओतकामाच्या कारखान्यांना रोजचं काम आहे ते. लाल रेघ उमटली की तो भाग भंगारात टाका आणि दोन्ही बाजूंचे जोडीनं नवे घ्या.