आर्वीच्या माळावरचा इंग्रजाचा गोटा

जानेवारीतल्या एका रविवारी आर्वीहून कारंजा घाडग्याच्या दिशेने पायीच निघालो, डांबरी रोड सोडला आणि जुन्या गाडरस्त्याने वर चढलो, कारण तो उघडा माळ मला कधीचा निवांत पाहायचा होता. खाली वावरात तूर सोंगणीला आलेली, कपाशीची शेवटची वेचणी सुरू, आणि वर आलं की नुसता काळा खडक, मधेमधे वाळलेलं गवत आणि पळसाची खुरटी झाडं.

हा सगळा लाव्हा आहे हो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर येऊन थिजलेला, म्हणून तर आपल्या टेकड्या पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. एका ठिकाणी पाण्याने कापलेल्या काठात दोन थरांच्या मधोमध विटकरी रंगाची पट्टी दिसली, म्हणजे खालचा लाव्हा थंड होऊन त्याची वरची साल उन्हापावसात झिजून माती झाली आणि मग दुसरा लाव्हा तिच्यावर येऊन बसला. मी त्या पट्टीला हात लावून बराच वेळ उभा होतो. तिच्या वरच्या खडकात बुडबुड्यांच्या पोकळ्या, आणि त्यात पांढऱ्या गारगोट्या.

पाणी प्यायला एका सपाट दगडाजवळ बसलो तर त्यावर काहीतरी कोरलेलं वाटलं. भेगांमधली माती काडीने काढली, बाटलीतलं पाणी ओतून बोटाने घासलं, आणि हळूहळू अक्षरं वर आली, जी, टी, एस, खाली एक छोटा चौकोन आणि त्याखाली बी, एम. खरं सांगतो, अंगावर काटा आला. ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेचा, म्हणजे इंग्रजांच्या काळात झालेल्या भारताच्या मोजणीचा बेंचमार्क! नागपूरच्या झिरो माइलला 1907 चा असाच जीटीएस बेंचमार्क आहे, समुद्रसपाटीपासून 1020.171 फूट उंचीचा, तो सगळ्यांना माहीत असतो, पण हा कोणी पाहतच नाही.

बेंचमार्क म्हणजे उंचीची खूण. त्या चौकोनावर मापाची पट्टी उभी करायची, थोड्या अंतरावर लेव्हल नावाच्या यंत्राच्या दुर्बिणीतून आकडा वाचायचा, मग पट्टी पुढे न्यायची, पुन्हा वाचायचा, आणि दोन आकड्यांतला फरक लिहीत लिहीत पुढे जायचं. समुद्राच्या पातळीपासून निघून असं टप्प्याटप्प्याने ही सर्व्हेची माणसं आपल्या विदर्भात आली, उन्हातान्हात, आणि एका ठिकाणची चूक पुढच्या सगळ्या आकड्यांत जाणार हे डोक्यात ठेवून.

मला वाटतं त्यांनी मुद्दाम हाच खडक निवडला असेल. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर रोवलेली खूण जागेवर राहील का? आणि गंमत अशी की ती हलती माती याच न हलणाऱ्या खडकाची झीज आहे.

तेवढ्यात ढोरं चारणारे एक बुवा आले. "काय पाह्यता जी?" मी दाखवलं.

"हा तं माह्या आज्याच्या वक्तापासून हाय. इंग्रजाचा गोटा म्हनते याले."

म्हटलं, बुवा, इथून समुद्र किती खाली आहे ते या दगडावरून समजते. ते काठीवर हनुवटी टेकवून जरा वेळ पाहत राहिले.

"समुद्र तं म्या पाह्यलाच नाही बाप्पा. अन् हा गोटा त्याले ओयखते म्हनता?"

पलीकडच्या उतारावर गिट्टीची खदान सुरू आहे, तिचा आवाज माळावर येत होता. अंतर फार नाही, तेच मनात टोचतंय. हा दगड एकदा फुटला की तीच उंची तिथे पुन्हा बसवता येत नाही, नव्याने मोजावी लागते. कोणाला असा दगड दिसला तर कृपा करून त्यावर शेंदूर-पेंट काही लावू नका, घण तर अजिबात नको.

याच सर्व्हेची सुरुवात करणारा विल्यम लॅम्बटन 1823 च्या जानेवारीत आपल्या हिंगणघाटलाच वारला, नागपूरकडे येताना वाटेत. त्याची कबर तिथे आहे. पुढच्या रविवारी मी तिकडे जाणार आहे, सोबत कोणी येत असेल तर सांगा.